खणक्यांचा हेल

ऑबरी काचेपलीकडून कागद वर धरतो.
चांदणे लोक : सावकाश, स्वच्छ, उतारवयाच्या राजपुत्रासारखे.
दर्यावळ : गाता सूर, वेल्सकडचा चालेल.
खणके...
इथे त्याचं बोट थांबतं.
"खणके जमिनीखाली राहतात, उजेड सोसत नाही त्यांना,
चोरटे आहेत, नवव्या प्रकरणात मरतात सगळे.
त्यांना तुमच्याकडचंच काहीतरी दे ना, थर्झा.
ते तुमचं उत्तरेचं."
प्रेमानं म्हणतो तो हे. सकाळी त्यानंच मला आलं-मध आणून दिला.

आमच्याकडचं म्हणजे डरहॅमच्या किनाऱ्यावरचं,
जिथे गल्ल्यांना नावं नव्हती, आकडे होते.
बारा कोसांवर बोली बदलते म्हणतात,
आमच्यात ती खाणीगणिक बदलायची,
मधे फक्त एक कोबीचं शेत.
शेतापलीकडचे लोक 'घर' हा शब्द लांब ओढायचे.
माझा बाप अंधारात, नुसत्या खोकल्यावरून सांगायचा
कोण कुठल्या पाळण्यातून खाली उतरतो ते.

मी लंडनला आले.
दोन वर्षं दातांत बुचाचा तुकडा धरून
चांदण्या लोकांची भाषा शिकले.
जीभ कुठे टेकवायची, कुठे नाही,
कुठला स्वर गिळला की माणूस गरीब ऐकू येतो.
मग एका रविवारी घरी फोन लावला.
बाप म्हणाला, "चुकीचा नंबर लागला तुम्हाला, बाईसाहेब."
इंग्रजीत 'अहो' नाही.
पण त्यानं मला 'अहो'च म्हटलं.

लेखकाचं मी समजू शकते.
नकाशा काढला, डोंगरांना नावं दिली,
मग प्रत्येकाच्या तोंडात काहीतरी घालायला हवं.
ल, म, य, व देवळातल्यांना,
ख, घ, ढ बिळातल्यांना.
कोण चांगला, कोण वाईट, हे वाचकाला
पहिल्या वाक्याआधीच कळलं की बरं असतं.
आणि खरं सांगू, मलाही कळतं.
मीही गाडीत शेजारी कुणी तोंड उघडलं
की पर्स जरा जवळ ओढते. माझ्याच बोलीला.

"थोडं घाणेरडं कर," ऑबरी कानात म्हणतो.
"घशातून. खरवडल्यासारखं."
घसा? तो तर कोळशानंच खरवडला होता.
पण बाप खाली असताना कुजबुजायचा.
खाणीत कुणी ओरडत नाही, ऑबरी.
वर छताला आधार दिलेली लाकडं असतात,
ती मोडायच्या आधी बोलतात.
त्यांचं ऐकू यावं लागतं.
ओरडतात ते वरचे.

तीन वाजेपर्यंत चांदण्यांची राणी जमत नव्हती.
मग मला तो माणूस आठवला,
कल्याणमंडळाच्या खोलीत खुर्चीवर न बसता
ज्यानं खाण बंद झाल्याचा कागद वाचला होता :
सावकाश, स्वच्छ,
एकही अक्षर न गाळता, आमच्याकडे न बघता.
तो आवाज मी राणीला दिला.
ऑबरीनं टेबलावर थाप मारली. "हेच! हेच हवं होतं!
कुठून आणलंस?"
"आमच्याकडचंच," मी म्हटलं.

नववं प्रकरण.
पाणी चढतंय, दिवे विझलेत,
शेवटचा खणका बोगद्यात वर तोंड करून विचारतो,
"वर कुणी आहे का?"
पुस्तकात पुढे उद्गारचिन्ह आहे.
मी ते वाचलं नाही.
बापाच्या तोंडून, त्याच्या ओढलेल्या 'का'सकट,
झोपलेल्या पोराला विचारावं तसं विचारलं.

बराच वेळ कानात नुसती खरखर.
"इतकं हळू का?"

"छत ऐकतोय तो," मी म्हणाले.
ऑबरीनं कागदावर काहीतरी खोडलं,
काय ते मला काचेतून दिसलं नाही.
मग कुणीतरी चहा आणला, दूध वेगळं.