चौदा, झोत अडतीस

उद्या कळंब्यात लग्न. मांडव साठ बाय चाळीस.
मोबाईलवरचं मी वाचून दाखवतो:
वारा ताशी चौदा, झोत अडतीस,
दिशा पश्चिम-नैऋत्य.

हिंदुराव मेस्त्री तंबाखू मळायचा थांबतो.
"चौदा म्हंजे किती रं?"
तलावावर बारीक चुण्या पडतात, तितका.
"आन् अडतीस?"
मी शब्द शोधतोय तोवर तोच म्हणतो,
"माझा बाप. दिसभर चौदाच असायचा,"
आणि पहार उचलून
पश्चिमेची प्रत्येक खुंटी
आणखी वीतभर खोल घालतो.

"पर बाण तर उजळाईवाडीकडं दावतोय."
बाण जातो तिकडचा, मेस्त्री; नाव येतो तिकडचं.
"बराबर हाय. निघालेल्याला
कुठं म्हणून इचारू नये."

आकडा विमानतळाच्या मोकळ्या माळावरचा.
इथं दोन नव्या इमारतींच्या बोळातून
वारा अंग चोरून येतो
आणि बाहेर पडला की हात पसरतो.
ते मोबाईलला ठाऊक नाही.
मेस्त्री कनातीचा दोरा तोडून चिमटीत धरतो,
बघत राहतो,
मग त्या अंगाचा पडदाच सोडवून ठेवतो:
"जाऊंदे त्येला मधनं."

रात्री पावणेतीन.
छत फुगतं, श्वास धरतं, सोडतं.
आचारी झोपलेत. एक झाकण घरंगळत जातं.
हाच का अडतीस?
"न्हाई अजून,"
ताणावरचा हात न काढता तो म्हणतो,
"त्येच्या आधी तो गप व्हायचा."