ओळ एकशे बेचाळीस

इटलीतला म्हातारा आम्ही नेरूळला आणला,
सिडकोच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर.
मूळ संहितेत त्याच्याकडे नोकर आणि तिजोरी;
आमच्याकडे पाचशे चाळीस चौरस फूट,
पुनर्विकासाच्या कागदावर न केलेली सही
आणि एक भाचा, प्रेमात पडलेला,
भाड्याच्या घरात.

खोटा नोटरी बेलापूरला
निबंधक कार्यालयाच्या फुटपाथवरून उचलला:
छत्री, घडीचं टेबल, शिक्के,
आणि 'झालंच साहेब, दोन मिनिटं'
अकरा वेळा, चढत्या सुरात.

गातात मात्र इटालियनमध्येच.
मी मागे बसून पडद्यावर मराठी ओळी सोडते.
एक कळ, एक ओळ.
एकतीस वर्षं ठाणे कोर्टात लघुलेखक होते;
लोक भराभर खोटं बोलत,
मी तितक्याच भराभर उतरवून घेई.
हे त्यामानानं सोपं.
इथं एकच खोटं चार-चारदा बोलतात.

वाद्यवृंद म्हणजे कीबोर्ड
आणि कळव्याचे बाबाजान, क्लॅरिनेट.
एरवी ते हळदीला वाजवतात.
खोट्या लग्नात हात आपोआप हळदीच्या ठेक्यावर गेला,
शर्वाणीनं कपाळाला हात लावला,
मग म्हणाली, राहू दे.

म्हातारा: टिपणीस, जकात खात्यातून निवृत्त.
आवाज ट्रक थांबवून कमावलेला.
रोवीना मिस्किटा त्यांना थप्पड मारेना.
अंकल म्हणते ना.
तालमीत हात गालापाशी न्यायची
ताप बघावा तसा.
'मार गं,' ते म्हणायचे,
'सुरांनी जागा ठेवलीय बघ. तू नाही मारलीस
तर पुढचं मी कशाच्या जोरावर गाऊ?'

वाशीचं नाट्यगृह, मंगळवार.
अर्धं भरलेलं, त्यातले निम्मे नातेवाईक.

तिनं मारली.
लोक हसले. हसतच होते तासभर.
मग टिपणीस खालच्या पट्टीत गायला लागले,
माझं बोट कळीवर.
ओळ एकशे बेचाळीस मी सहादा लिहिली होती,
शेवटचा खर्डा: 'आता उरलो नाही मी कुणाचा.'
कळ दाबली नाही.
वर आधीचीच ओळ राहिली,
'इथं सही करा, आजोबा',
आणि तिच्याखाली तो माणूस.
हसू आधी डावीकडून थांबलं,
मग बाल्कनीत.
एक लहान मुलगा तेवढा हसत राहिला,
त्याला कुणीतरी गप्प केलं.

'अडकली का गं ओळ?' शर्वाणी.
'लॅपटॉप,' मी म्हणाले. शपथेवर नव्हते.

टिपणीस रंग न पुसता वडा खात होते,
न मारलेल्या गालानं.
पिशवीतून कागद काढले. खरे. त्यांच्या सोसायटीचे.
'तुम्ही कोर्टातल्या. पान सात जरा वाचा,
मला तिथं धड कळत नाही.'

आमच्या खेळात शेवटी म्हाताऱ्याला सगळे बिलगतात,
भाच्याला घर मिळतं, दिवे वाढतात, बाबाजान सुटतात.
मी पान सात वाचलं, मग आठ,
मग परिशिष्ट.
तसं कलम कुठे सापडेना.