शेरा

पुतणीच्या जात पडताळणीला
पन्नासच्या आधीचा कागद लागतो, म्हणून परभणीला गेले.
नाहीतर पणज्याला शोधायचं
कुणाच्या मनात आलं असतं?

घरात त्याच्याबद्दल एकच वाक्य होतं:
निजामाच्या नोकरीत व्हता, घोड्यावरून फिरायचा.
घोड्याचा रंगसुद्धा ठरलेला. अबलख.

बलदियाची दप्तरं जिन्याखाली, लाल फडक्यांत.
गाठी सुटेनात.
शिपाई म्हणाला, कापा, कोण विचारतंय.
सगळं उर्दूत, फसली सनात.
मुनीरोद्दीन मास्तरांना रिक्षानं आणलं.
एका डोळ्यात मोतीबिंदू,
दुसऱ्यानं ओळ धरून धरून वाचत गेले.
लिहिणाऱ्याला नुक्त्यांचा कंटाळा,
दगडू कधी डगरू व्हायचा, कधी नुसताच एक फराटा.

दगडू वल्द सटवा. घ्या, मिळाले तुमचे.

वय अंदाजे बावीस.
आठ वर्षांनंतरच्या रजिस्टरात अंदाजे पंचवीस.
उंची पाच फूट एक इंच.
खूण: डाव्या कानाची पाळी फाटलेली.
काम: रस्त्यावरच्या बेचाळीस कंदिलांची तेलबत्ती.
पगार सात रुपये, हाली.
ताब्यात दिलेलं: तेलाचा डबा, वातीची कात्री, शिडी.
शिडी मोडल्यास भरपाई पगारातून.

शिडी.
म्हणजे लोकांच्या डोक्यांवर दिसायचा तो,
एवढं तरी खरं होतं.

एका रकान्यावर मास्तरांचं बोट थांबलं
आणि न वाचताच पुढं सरकलं.
म्हणाले, मास्तर, तोच तर पाहिजे.
त्यांनी वाचला. हळू, जिन्याकडे एकदा बघून.
मी फोटो काढला, नकलेचा अर्ज भरला, शिक्का घेतला.
काम झालं होतं. जेवायला जाता आलं असतं.

पुढं एक शेरा आहे, ते म्हणाले.

नऊ अमरदाद, तेराशे एकोणपन्नास.
स्टेशन रोडचे चौदा दिवे लावले नाहीत.
सबब विचारली. जवाब दिला नाही.
जुर्माना आठ आणे.
आणि अंगठा, कडेला, थोडा घसरलेला.

फसलीत पाचशे नव्वद मिळवायचे.
बोटांवर मिळवले. एकोणीसशे चाळीस, जूनचा महिना.
वाचनालय पाचला बंद होतं, मी धावत गेले.

जुन्या साप्ताहिकाचा गठ्ठा कसरीनं चाळण केलेला.
सरकीचा भाव. दंतमंजन.
म्हैस हरवली आहे, नाव चंद्री, कपाळावर पांढरा ठिपका,
आणून देणारास पाच रुपये.
त्याच्या खाली चार ओळी:
परभणीत पटकीचा जोर.
स्टेशनपलीकडच्या वस्तीत या आठवड्यात अकरा दगावले,
पैकी सहा मुले.
नावं नाहीत.
वरती चंद्री.

आजोबांना एक थोरली बहीण होती म्हणतात.
एवढंच म्हणतात.
तिचं नाव मला कुणी सांगितलं नाही
आणि मीही कधी विचारलं नाही.

आठवडा जुळतो.
जुळणं म्हणजे पुरावा नव्हे,
हे समितीच्या दारात चार खेटे घालून मला पाठ झालंय.
तेल संपलं असेल. वारा असेल.
प्यायलाही असेल, कोण जाणे.
पण बेचाळीसांतले अठ्ठावीस लावले होते त्यानं.
म्हणजे कामावर निघाला होता.
म्हणजे कुठल्यातरी खांबापाशी कुणीतरी
त्याला खालून हाक मारली.

शिडी रात्रभर कुठं टेकून राहिली असेल?
मोडली नाही. भरपाईची नोंद नाही.

मास्तरांनी पैसे घेतले नाहीत.
चहा घेतला, बशीत ओतून, आणि म्हणाले,
उत्तर दिलं नाही असं लिहायलाही
कारकुनाला थोडा वेळ लागला असेल बघा,
शाई इथं गोळा झालीय.

रात्री भावाचा फोन. सापडला का कागद?
सापडला.
बरं झालं बाई. आन् घोडा?

मी पिशवीतून नक्कल काढली,
उगाच पुन्हा एकदा बघितली, उजवीकडून डावीकडे.
घोड्याबद्दल शेरा नाही, म्हणाले.