टोक

वळवी सिस्टरने पहिल्याच दिवशी बजावलं,
टोकाला हात लावायचा नाही.
टोक म्हणजे डोळाच समज.

तेव्हापासून चिमटे मी मानेला धरते,
मांजरीच्या पिलासारखे.
बोअरचं पाणी चालत नाही,
चोपड्याचं पाणी स्टीलवरही मीठ फुलवतं.
डिस्टिल्डच. पोकळ सुईच्या पोटातून तीनदा पिचकारी,
मग भिंगाखाली :
केसाहून बारीक दोन पाय जुळतात का,
मधून उजेड दिसतो का.
दिसला तर बाजूला.

सुती फडकं वर्ज्य.
जिनिंगच्या गावात हे नव्या पोरींना सांगताना
मलाच हसू येतं.
मायच्या भुवयांवर वीस वर्षं रुई बसायची,
घरी आली की आधी डोळे पुसायची
पदरानं.

काल तिचा नंबर होता. सातवा.
ट्रे मीच लावला.
टोकांवरच्या रबरी टोप्या काढून मोजल्या.
अकरा.
पुन्हा मोजल्या तेव्हा बारा भरल्या.

आज पट्टी सोडली.
"दिखस का वं माय?"
ती बोललीच नाही.
माझ्या धुतल्या झग्याच्या बाहीकडे
बघत राहिली कितीतरी वेळ,
मग दोन बोटांनी अलगद
एक तंतू उचलला.

"रुई शे," म्हणाली.