नाते असल्यास लिहा

शिफ्ट सुटते सहाला.
सूतगिरणीचा कापूस केसांत तसाच घेऊन
मी कुपवाड फाट्यावर वडाप धरते
आणि संजयनगरात उतरते.
जैबूनमावशीच्या दारात ईश्वरी
माझ्याआधी माझी चप्पल ओळखते.

महिन्याला दीड हजार.
हातात पडतात नऊ हजार सातशे,
त्यातले पंधराशे आधी रुमालात बांधते,
घरभाड्याच्याही आधी.
घरमालक चार दिवस थांबतो,
सव्वा वर्षाचं पोर थांबत नाही.

मावशीकडे पाटी नाही, पाळणा नाही.
आढ्याला साडीची झोळी, आणि अर्ध्या खोलीत हळद.
मार्केट यार्डातून पोती येतात निवडायला.
हळकुंडं इकडं, गड्डे तिकडं,
मोडकं-तोडकं सुपात,
आणि मधल्या फरशीवर तीन पोरं, कुणी झोपलेलं, कुणी ओरडणारं.
मावशीची बोटं बारा महिने पिवळी.
माझ्या लेकीच्या प्रत्येक झबल्याला
दोन्ही काखांशी चार-चार बोटं आहेत, उचलल्याची.
साबण लावला की लाल होतात.
उन्हात टाकली की फिकटतात,
तोवर दुसरी उमटतात.

गिरणीच्या फळ्यावर कागद लागला:
नोकरी करणाऱ्या आयांना
पोर सांभाळायच्या खर्चाला सरकारी मदत.
जेवणाच्या सुट्टीत आम्ही तो तीनदा वाचला.
शेवंता म्हणाली, आपली पोरं मोठी झाल्यावरच सुचतं ह्यांना.

सेवा केंद्रातला पोरगा भला होता.
पाळणाघराचा नोंदणी क्रमांक?
नाही.
पावत्या?
नाहीत.
मग सांभाळणारीची सही आणा, आधार आणा,
आणि उत्पन्न सांगा.

मावशी सुपातून मान वर न काढता म्हणाली,
"सही किती बी घे गं.
पर उत्पन्नात दीड हजार दाखवू नगं,
माझी निराधारची पेन्शन तुटंल."
सरकारचा एक हात द्यायला येतो
तेव्हा दुसरा खिसा चाचपत असतो.
पोरगा म्हणाला, फुकट सांभाळतात असं टाकू?
मी म्हटलं, मग मदत कशाची मागू?
तो हसला. मीही हसले,
मागं रांगेत उभा असलेला म्हातारा तेवढा हसला नाही.
मावशीला सांगितलं तर ती बराच वेळ गप्प बसली,
आणि म्हणाली, "लिही. बघू काय हुतंय."

मग तो रकाना.
सांभाळणाऱ्या व्यक्तीशी नाते, असल्यास लिहा.
खाली बारीक अक्षरात:
नातेवाईक असल्यास अर्ज बाद.
मी म्हटलं, मावशी.
त्याची बोटं थांबली. सख्खी?
आधारवर शिकलगार वाचलं,
माझ्या कपाळाकडं बघितलं,
आणि स्वतःच टाइप केलं: नाही.

श्रावणात मी ओव्हरटाइमला होते,
हे टेंपो घेऊन हुबळीला,
तेव्हा ईश्वरीला आकडी आली.
मावशी तिला पोटाशी धरून
अनवाणी सिव्हिलला पोचली.
तो केसपेपर अजून माझ्या ट्रंकेत आहे.
त्यावरही असाच रकाना, सोबतच्या व्यक्तीचे नाते.
तिथं कुणी आधार मागितलं नव्हतं.
ताप एकशे तीन होता.
नर्सनं विचारलं, मावशीनं सांगितलं,
निळ्या पेनानं लिहिलंय: आजी.

म्हणजे सरकारकडं दोन कागद आहेत आता,
दोन्ही माझ्याच लेकीचे.
एकावर टोकन नंबर आहे.

संध्याकाळी मावशीनं विचारलं, झालं का?
झालं.
नात्याचं काय लिवलंस?
नाही, असं लिहिलं.
तिनं हळद झाडली पदरावर.
"ब्येस केलंस. कागदाला काय कळतंय.
पैसं कवा येत्यात म्हणाला?"
बघू म्हणाला.

मग ईश्वरीला काखेत धरून तिनं उचललं
आणि माझ्या हातात दिलं.
झबलं नवं होतं, पांढरं,
पहिल्यांदाच घातलेलं.
हात तरी पुसायचा होतास गं, असं
तोंडावर आलं होतं माझ्या.