भूल देण्यास संमती

मुंबई नाक्यावरच्या दवाखान्यात, चौथ्या मजल्यावर
नर्सनं कागद पुढे सरकवला :
'भूल देण्यास माझी संमती आहे.'
खाली सही, नाव, रुग्णाशी नातं.
काकाचा हात कापतो, म्हणून पेन माझ्याकडे.

मी शब्दावरच अडले.
भूल.
चूकही तीच, गुंगीही तीच,
आणि हरसूलकडच्या रानात जिच्यावर पाय पडला
की माणूस रात्रभर एकाच टेकडीभोवती फिरतो म्हणतात,
ती वेलही तीच.

आमच्या घरात या शब्दांची वाटणी झालेली.
काकाच्या वाट्याला आपसूक होणारं सगळं :
भूल पडली, भुरळ पडली,
वेड लागलं, नाद लागला.
जशी ठेच लागते. कर्ता कुठेच नाही.
एस्तेरच्या वाट्याला करणारी क्रियापदं :
तिनं मोहिनी घातली,
तिनं चेटूक केलं.
शिकलेले म्हणायचे, गारूड केलं.
अर्थ तोच, फक्त चष्मा लावून.
गारूड मुळात विष उतरवायचा मंत्र,
हे कुणाला आठवत नव्हतं
किंवा तेव्हा सोयीचं नव्हतं.

शरणपूरची एस्तेर साळवे
मेनरोडला एका माडीवर टायपिंग शिकवायची.
तिचा मंत्र एवढाच :
'बोटांकडे बघायचं नाही.'
काका बोटांकडे बघत नव्हताच.
दोनदा नापास झाला, फी भरत राहिला.

थोरल्या काकूनं तिवंध्यावर उतारा ठेवला,
दहीभात, लिंबू, काळी बाहुली.
भात एका लंगड्या कुत्र्यानं खाल्ला
आणि ते आमच्या दारात येऊन बसलं ते बारा वर्षं.
त्याच्यावर कुणी काही केलं, असं कुणी म्हणालं नाही.
त्याला लळा लागला म्हणे.

स्ट्रेचरवर एस्तेरकाकू.
अंगठी, चष्मा, कवळी माझ्या पिशवीत.
भूलतज्ज्ञ आले, नागरे नावाचे, पोरसवदा.
'घाबरू नका, आजी.'
'घाबरत नाही. उतरते ना हो तुमची?'
'तीनेक तासांत.'
'बघा. आमच्या ह्यांना एकेचाळीस वर्षं झाली.'
मास्कमागे तो हसला असावा,
कान हलले.

नात्याच्या रकान्यात 'पुतणी' लिहिलं.
घरी तिला अजून नुसतं 'ती' म्हणतात.
सही करताना पेन दोनदा अडलं,
तिसऱ्यांदा शाई उतरली.

दारावरचा दिवा लाल झाला.
काका बाकावर. एरवी ज्याला कपबशी धरवत नाही
त्याची बोटं गुडघ्यांवर चालली होती भराभर,
ओळ संपली की डावा हात हवेत सरकवून
पुन्हा पहिल्यापासून.
काय टाइप करतोस, मी विचारलं नाही.
खाली बघतही नव्हता.