ओळ ४११७

तार्तूत फेब्रुवारी. पाच वाजताच
खिडकीच्या काचेत बाहेरचं काही उरत नाही, माझा चेहरा उरतो.
काळ्या पडद्यावर एक उभी रेघ लुकलुकते :
बोल, काय हवं?

मी अवजाराचं नाव टाइप करते,
जुन्या फाइलीचं, मग नव्या फाइलीचं,
मधे पथ्यपाण्यासारख्या दोनचार सूचना.
भाषांतर कर, म्हणते. शब्दांना मात्र हात लावायचा नाही.
शब्द मुहू बेटावरचेच राहतील, म्हाताऱ्यांच्या तोंडचे.
बदलायचे आहेत फक्त कंस,
शब्दांना वाऱ्यात धरून ठेवणारे
दोरीवरचे चिमटे.

आमच्या भाषेत रात्र म्हणजे दोनच अक्षरं,
दोन गोल, प्रत्येकाच्या डोक्यावर दोन टिंबं.
चौऱ्याण्णव सालच्या यंत्राला टिंबं कळत नसत.
म्हणून आर्वोनं प्रत्येक रात्र
बारा चिन्हांत फोड करून लिहिली,
न कंटाळता, सहाशे ब्याऐंशी वेळा.
अवजार एका दमात त्या सगळ्या रात्री
दोन अक्षरांवर आणतं.

आणि अडतं.
ओळ ४११७ : उघडलेलं मिटलेलं नाही.

जाऊन बघते. इंगेल, आर्वोची आत्या, लोकर विंचरणारी.
तिचं बोलणं सुरू होतं त्या कंसात :
'रात्र लांब असली की मी दिवा लावत नाही,
हातांना लोकर दिसते.'
पुढं कंस मिटलेलाच नाही.
जुना कार्यक्रम मवाळ होता, त्यानं खपवून घेतलं.
हे नवं अवजार सोवळ्यातलं.

मी त्याला म्हणते, चूक पोटात घाल, तशीच वाच.
आणि सांग, इंगेल किती शब्द बोलली?
नऊ हजार तीनशे सहा.

म्हणजे सील मारणारा यूरी तिच्याच तोंडून बोलत होता,
बर्फावरून घोडा हाकणारा नावाडी तिच्या,
नारिंगी घागऱ्याचे पट्टे मोजणारी शिंपीण,
राय, दोरखंड, बटाट्यांवरची कीड,
सगळं बेट तीस वर्षं
त्या एका अंधाऱ्या खोलीत, तिच्या लोकरीशेजारी.
कुणी तक्रार केली नव्हती.

कुरेसारेच्या वृद्धाश्रमात फोन लावते.
आर्वो बराच वेळ खोकतो.
'दार वाजलं असेल,' म्हणतो, 'मी उठलो असेन.
का वीज गेली होती? तेव्हा जायची.
हेल्गा धुरावलेले मासे घेऊन यायची गुरुवारी.
गुरुवार होता का गं?'
फाइलीत वार नाही. तारीखही नाही.
'आत्या थांबली कुठं, ते आठवतं?'
'ती कुठं थांबायची,' आर्वो म्हणतो, 'थांबवावं लागायचं.'
मग, कपात चमचा ढवळल्याचा आवाज येतो, आणि :
'तू ठरव.'

मूळ कार्ड खणात सापडतं.
पेन्सिलीनं लिहिलेलं, कोपऱ्यावर माशाच्या तेलाचा डाग
(म्हणजे गुरुवारच असावा).
'दिसते' नंतर पूर्णविराम आहे,
पण त्याच्यापुढं एक स्वल्पविरामही,
कुठला आधीचा ते कागद सांगत नाही.

मी पूर्णविराम धरते.
कोनी कंस, तिरपी रेघ, शब्द, कोनी कंस.
सात बोटांची हालचाल.
पुन्हा विचारते, इंगेल किती शब्द बोलली?

एक्केचाळीस.

यूरीला त्याचा सील परत मिळाला, नावाड्याला घोडा.
सगळे आपापल्या घरी.
माझा हात मात्र ती रेघ पुसण्याच्या बटणापाशी
थोडा वेळ घुटमळतो.

मग पुन्हा पहिली ओळ, तीच नावं, तीच पथ्यं, एंटर.

ह्या अवजाराची रीत अशी,
की सगळं नीट झालं तर चकार शब्द काढत नाही.
ना झालं म्हणत, ना शाबास.
नुसती ती रेघ येते, नव्या ओळीच्या सुरुवातीला,
लुकलुकत.

दिवा मी अजून लावलेला नाही.